पट्ट्याबाहेरची जागा

पासंगरावांना जावयाचा संशय पहिल्या दिवसापासून होता. का होता, असं कुणी विचारलं असतं तर त्यांनी विचारणाऱ्याचाच संशय घेतला असता.

आता पासंगराव हे काही आईबापांनी ठेवलेलं नाव नव्हे. वजनमापं तपासायच्या खात्यात त्यांनी सगळी नोकरी काढली. तराजूच्या पारड्याखाली दुकानदार मेणाचा नाहीतर शिशाचा तुकडा चोरून चिकटवतात, त्याला पासंग म्हणतात. आणि तो हुडकून काढण्यात या माणसाचा हात धरणारं कुणी नव्हतं. बाजारपेठेने चिडून नाव ठेवलं, आणि ते असं चिकटलं की निवृत्तीनंतरही निघालं नाही. त्यांची एक ठरलेली पद्धत होती. स्वतः दुकानात पाऊल टाकायचं नाही. एखाद्या साध्याभोळ्या दिसणाऱ्या माणसाच्या हातात पिशवी द्यायची, त्याला किलोभर साखर आणायला पाठवायचं, आणि ती साखर कोपऱ्यावर उभं राहून आपल्या काट्यावर तोलायची. याला ते 'खोटं गिऱ्हाईक' म्हणत. दुकानदाराला वाटतं रोजचाच सौदा, आणि तिथेच त्याचं पितळ उघडं पडतं. या युक्तीवर त्यांचा फार जीव. घरी दूधवाला, इस्त्रीवाला, मोलकरीण, इतकंच काय, खुद्द बायको, कुणीही या युक्तीतून सुटलं नव्हतं.

जावई गाद्यांच्या दुकानात विकायला उभा असे. गोरागोमटा, हसरा, आणि बोलायला लागला की थांबणं नाही. "झोपून बघा साहेब, झोपून. पाठ तुमची, जबाबदारी आमची!" दिवसभर अनोळखी माणसांना आडवं पाडून त्यांच्या गळ्यात माल मारणाऱ्या या माणसावर कसा काय विश्वास ठेवायचा, हे पासंगरावांना कळत नव्हतं. लेकीने त्याच्यात काय पाहिलं, तेही कळत नव्हतं. लेक चष्म्याच्या दुकानात लोकांचे डोळे तपासायची. "दुसऱ्यांचे डोळे तपासते आणि स्वतःच्या डोळ्यांवर झापड," असं ते बायकोला म्हणत. बायको म्हणे, "बरं झालं, तुमचं स्थळ मला सांगून आलं तेव्हा माझ्याही डोळ्यांवर होती."

आकाशाचा नाद मात्र नोकरीइतकाच जुना. गावातल्या आकाशवेड्यांचं एक छोटंसं मंडळ होतं. त्याच्या प्रमुख दंतवैद्यबाई, कारण सगळ्यात मोठी दुर्बीण त्यांची आणि सगळ्यात मोठा आवाजही त्यांचाच. कामाची आखणी पासंगरावांकडे. त्या वर्षी मंडळाच्या वाट्याला एक खडा आला. खडाच म्हणायचा. मंगळ आणि गुरू यांच्या मध्ये लघुग्रहांची जी गर्दी फिरते ना, तिच्या आतल्या, मंगळाकडच्या काठाला हिंडणारा एक एवढासा दगड. त्याला नाव नाही, नुसता आकडा. चांगल्या दुर्बिणीतूनही धड दिसायचा नाही. पण एका संध्याकाळी, अंधार पडल्या पडल्या, हा खडा एका ठळक ताऱ्याच्या बरोबर समोरून जाणार होता. तेवढ्यापुरता तारा विझणार, आणि खड्याची सावली जमिनीवरून एका अरुंद पट्ट्यात सरकत जाणार. पट्ट्यात बसलेल्याला तारा गेलेला दिसतो. पट्ट्याबाहेर बसलेल्याला तो ढिम्म हललेला दिसत नाही.

म्हणून माणसं पट्ट्याच्या आडवी, अंतराअंतरावर बसवायची. प्रत्येकाने दुर्बिणीला डोळा लावायचा, शेजारी रेडिओवर वेळेची टिकटिक चालू ठेवायची, रेकॉर्डर सुरू करायचा, आणि तारा गेला की 'गेला' म्हणायचं, आला की 'आला'. बस्स. मग सगळ्यांचं 'गेला' आणि 'आला' एकत्र जुळवलं की त्या न दिसणाऱ्या दगडाचा आकार कागदावर उमटतो. यातली अडचण एकच. हे पुन्हा बघता येत नाही. साखर परत तोलता येते, विझून गेलेला तारा परत विझवता येत नाही. माणूस सांगेल ते मानायचं, नाहीतर सोडून द्यायचं. असला छंद या संशयी माणसाने का धरला असेल, याचं कोडं त्यांच्या बायकोला आजवर उलगडलेलं नव्हतं.

आणि एके दिवशी जावई येऊन म्हणाला, "बाबा, या वेळी मलाही बसवा की एखाद्या जागेवर."

पासंगरावांनी कपातला चहा तसाच धरून त्याच्याकडे पाहिलं. "तुम्हाला? जावईबापू, तुम्हाला कधीपासून आकाशाचं वेड लागलं?"

"वेड कसलं बाबा, आपलं सहज. दुर्बीण जुनीच आहे तुमची, माळ्यावर पडलेली. तीच द्या. आम्ही शिकून घेऊ."

'आम्ही' म्हणाला. पासंगरावांच्या कानाने तो शब्द टिपला आणि बाजूला ठेवून दिला. गादीवाले लोक स्वतःला आम्हीच म्हणतात, त्यांना वाटलं.

तो गेल्यावर ते बायकोला म्हणाले, "पाणी कुठेतरी मुरतंय."

"काही मुरत नाहीये. सासऱ्याशी चार गोष्टी बोलाव्यात असं वाटलं असेल त्याला. जग बुडालं तरी तुम्ही स्वतःहून बोलणार नाही."

"अगं, याला माझ्याकडून काहीतरी हवंय. आज तारा, उद्या आणखी काही. मी बघतो त्याच्याकडे."

म्हणजे काय, तर खोटं गिऱ्हाईक. जेवणाच्या टेबलावर नकाशा पसरून पासंगरावांनी सगळ्यांच्या जागा ठरवल्या. दंतवैद्यबाई पट्ट्याच्या मधोमध, स्वतः त्यांच्या जरा अलीकडे, बाकीची मंडळी पुढेमागे. आणि जावयाला त्यांनी दिली जुन्या पाण्याच्या टाकीजवळच्या माळाची जागा. ही जागा पट्ट्याच्या चांगलीच बाहेर होती. तिथे डोळ्यांत तेल घालून बसलं तरी तारा जागचा हलणार नव्हता. वर त्यांनी जावयाला फोन करून सांगितलं, "तुम्हाला उत्तम जागा दिलीय बरं का. अगदी मध्यावर. खडा सध्या सावकाश चाललाय, तेव्हा तारा चांगला तीन सेकंद जाईल. चुकवू नका."

फोन ठेवताना त्यांना जुन्या नोकरीतल्यासारखी हुशारी वाटली. माणूस खरा असेल तर म्हणेल, काही दिसलं नाही. खोटा असेल तर म्हणेल, गेला. साधा हिशेब.

ठरल्या संध्याकाळी आकाश स्वच्छ होतं. पासंगरावांनी एका शाळेच्या गच्चीवर बैठक मांडली. तारा गेला आणि तीनेक सेकंदांनी परत आला, आणि 'आला' म्हणताना त्यांचा आवाज लहान मुलासारखा चिरकला. काहीही म्हणा, कोट्यवधी मैलांवरून एका दगडाने आपल्या अंगावर सावली टाकावी, यात गंमत होती. मग एकेकाचे फोन यायला लागले. दंतवैद्यबाईंचा तर फोन नसता तरी आवाज पोचला असता. "गेला हो गेला! काय सुंदर गेला!" सगळ्यांना दिसला. शेवटी जावयाचा फोन आला.

"बाबा, गेला!"

पासंगरावांचं काळीज उडालं. आनंदाने. पासंग सापडला की व्हायचा तसला आनंद. "अरे वा! तीन सेकंद?"

"नाही ना. तीच गंमत आहे. जेमतेम एक सेकंद. आणि तुम्ही सांगितलेल्या वेळेच्या जरा आधीच गेला."

"असं होय," पासंगराव गोड आवाजात म्हणाले. "रेकॉर्डर तेवढा उद्या पाठवून द्या."

घरी येऊन त्यांनी बूटसुद्धा काढले नाहीत. बायकोला दारातच सगळं सांगितलं, सापळ्यासकट. "रंगेहाथ! जिथे काडीचं काही दिसणं शक्य नाही, तिथे यांचा तारा गेला! मी म्हणत नव्हतो?"

बायको भाजी निवडत होती. तिने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मला एक सांगा. त्याला खोटंच बोलायचं असतं, तर तुम्ही सांगितलेले तीन सेकंदच नसते का सांगितले? एक कशाला म्हणेल? आणि लवकर कशाला?"

पासंगराव बूट काढायला खाली वाकले. मग म्हणाले, "तीच तर गादीवाल्याची हुशारी! तंतोतंत सांगितलं तर संशय येतो, म्हणून थोडं इकडेतिकडे करायचं."

"म्हणजे बरोबर सांगितलं असतं तरी खोटा, आणि वेगळं सांगितलं तरी खोटा."

"तू त्याची बाजू घेऊ नकोस."

"मी कुणाचीच बाजू घेत नाहीये. मी भाजी निवडतेय."

दुसऱ्या दिवशी रेकॉर्डर आला. पासंगरावांनी खोलीचं दार लावून कानाला हेडफोन लावले. टिक, टिक, टिक. वाऱ्याचा आवाज. लांबून कुत्र्याचं भुंकणं. आणि मग एकदम जावयाचा मोठा आवाज, "गेला!" आणि लगेच, "आला!"

त्यांनी मागे नेऊन पुन्हा ऐकलं. तिसऱ्यांदा ऐकताना त्यांच्या अंगावर काटा आला. जावयाच्या 'गेला'च्या अगदी आधी आणखी एक 'गेला' होता. कुजबुजलेला. बाईचा.

त्यांनी हेडफोन काढले, पुसले, परत लावले. पुन्हा तेच. आधी कुणीतरी बाई हळूच म्हणते 'गेला', मग हा ओरडतो. ती म्हणते 'आला', हा ओरडतो 'आला'. आणि तारा जायच्या दिवशी दुपारी लेकीने आईला फोन करून सांगितलं होतं की डोकं दुखतंय, संध्याकाळी मी घरीच पडून राहते.

आता मात्र पासंगरावांच्या पायाखालची जमीन सरकली. ताऱ्याचं राहू द्या, पण अंधारात, गावाबाहेरच्या माळावर, हा माणूस एका परक्या बाईबरोबर बसला होता! म्हणून हवी होती होय दुर्बीण! म्हणून 'आम्ही'! त्यांना जावयाचा राग आला, पण त्याहून जास्त लेकीची कणव आली. पोर डोकं धरून घरी पडली होती, आणि इकडे हे. त्यांनी बायकोला काही सांगितलं नाही. रेकॉर्डर खिशात टाकला आणि तडक लेकीचं दुकान गाठलं.

दुपारची वेळ होती, दुकानात गिऱ्हाईक एकच. लेक एका म्हाताऱ्या बाईला खुर्चीत बसवून डोळ्यांपुढे भिंगं बदलत होती. "आता? हे स्पष्ट की आधीचं? बरं. आणि हे?" म्हातारी सांगे, लेक मान डोलवे. पासंगराव चुळबुळत उभे राहिले. म्हातारी गेल्यावर लेकीने विचारलं, "काय हो बाबा, आज इकडे कुठे?"

"आत चल. बसून घे आधी."

"काय झालं? आई बरी आहे ना?"

"आई ठणठणीत आहे. तुझ्या नवऱ्याबद्दल बोलायचंय. पोरी, मन घट्ट कर. तो माणूस खोटारडा आहे. मी त्याला मुद्दाम अशा जागी बसवलं होतं, जिथे तारा जाणं शक्यच नव्हतं. पट्ट्याच्या बाहेर. आणि तो म्हणतो गेला."

लेकीचा चेहरा बदलला. "मुद्दाम? तुम्ही मध्यावर म्हणाला होतात."

"ते बघायलाच म्हणालो होतो, काय सांगतो ते. आणि ते तर काहीच नाही. हे ऐक." त्यांनी रेकॉर्डर पुढे केला आणि तिच्या कानाला हेडफोन लावले. "तिथे एक बाई होती. ऐकू येतंय? नीट ऐक, कुजबुजतेय."

लेकीने ऐकलं. एकदाच ऐकलं. मग हेडफोन काढून टेबलावर ठेवले आणि बापाकडे बघत राहिली.

"बाबा, ती मी आहे," ती म्हणाली.

पासंगरावांनी टेबलावरचे हेडफोन परत उचलले.

"माझा आवाज ओळखला नाहीत तुम्ही?"

"पण... तुझं तर डोकं दुखत होतं."

"नव्हतं दुखत. डोळा मी लावला होता दुर्बिणीला. तारा मी बघितला. यांना त्यातलं काही कळत नाही, हे नुसते रेडिओ आणि रेकॉर्डर सांभाळत होते. मी हळूच सांगायचं आणि यांनी मोठ्याने म्हणायचं, असं आम्ही ठरवलं होतं. माझा आवाज तुमच्या कानावर पडला असता, तर तुम्ही नोंद पुरती ऐकायच्या आधीच खोडली असती."

"मी? मी कशाला खोडीन?"

"सोळा वर्षांची होते मी. मंडळातले सगळे मैदानावर असाच तारा बघायला बसले होते. मी म्हणाले, तारा दोनदा गेला. तुम्ही सगळ्यांसमोर म्हणालात, पोरीला डुलकी लागली असेल, खोडा ते. सगळे हसले. त्यानंतर मी कधी दुर्बिणीला डोळा लावलेला तुम्ही बघितलात?"

पासंगरावांना आठवेना. मैदान आठवलं, ती रात्र आठवली, स्वतःची नोंद आठवली. लेकीचं आठवेना. आणि आठवत नाही हेच जास्त लागलं. पण माणसाची खोड अशी सहजासहजी जाते होय? त्यांच्या तोंडून जे निघालं ते नेहमीचंच निघालं.

"बरं, पण नक्की? म्हणजे, डोळा मिटला नसेल ना तुझा? कारण तिथे तारा जाणं शक्यच नाही गं."

लेक उठली. तिने भिंगांची पेटी बंद केली. "मी दिवसभर माणसांना या खुर्चीत बसवते आणि विचारते, काय दिसतंय? ते सांगतात ते मानते. त्यांच्या डोळ्यांत शिरून मला बघता येत नाही. नाही मानलं तर चष्मा बनायचाच नाही." मग म्हणाली, "असू दे बाबा. तुम्हाला जे करायचं ते करा. दुसरं गिऱ्हाईक आलंय माझं."

गिऱ्हाईक कुणी आलेलं नव्हतं. पासंगरावांनी ते पाहिलं होतं, तरी ते गुमान बाहेर पडले.

त्या आठवड्यात सगळ्यांच्या नोंदी एकत्र करून बाहेर पाठवायच्या होत्या. जिथे जगभरच्या असल्या नोंदी जमा होतात, तिथे. पासंगरावांनी टाकीजवळच्या नोंदीपुढे बराच वेळ पेन धरून ठेवलं. बायको दोनदा डोकावून गेली. तिला आता सगळं ठाऊक होतं, लेकीनेच सांगितलं होतं.

"लिहा की," ती म्हणाली. "पोरगी सांगतेय ना, गेला म्हणून."

"माझा विश्वास आहे गं तिच्यावर. पण शक्यच नाही ते. मंडळाचं नाव जाईल. दंतवैद्यबाई काय म्हणतील?"

"विश्वास आहे आणि पण आहे," बायको म्हणाली. "तुमचा विश्वास म्हणजे सुद्धा पासंग लावलेलाच."

पासंगरावांनी शेरा लिहिला: 'निरीक्षक अननुभवी. नोंद धरू नये.' आणि पाठवून दिलं. त्यानंतर लेकीचे फोन आईला यायचे, बापाला नाही. जावई मात्र यायचा, तसाच हसरा, आणि लेकीने आईसाठी पाठवलेली पिशवी दारातूनच देऊन जायचा. "बसा की," पासंगराव म्हणायचे. "नको बाबा, दुकान आहे," तो म्हणायचा. आणि बसायचा नाही. ज्या माणसाला सतत बोलत असल्याबद्दल ते नावं ठेवत, तो आता त्यांच्याशी चार शब्दांपलीकडे जायचा नाही, आणि ते त्यांना टोचायला लागलं.

मग एका सकाळी दंतवैद्यबाई घरीच आल्या. दवाखाना सोडून. जिन्यातूनच त्यांचा आवाज चढत वर आला. "अहो पासंगराव! अहो चंद्र आहे त्याला, चंद्र! आपल्या खड्याला!"

झालं होतं असं. सावली ज्या दिशेने सरकत गेली, त्याच दिशेला दूर दुसऱ्या देशात एका माणसाने आपल्या अंगणातल्या दुर्बिणीला कॅमेरा लावून ठेवला होता. तोही पट्ट्याच्या बाहेर होता, टाकीच्या माळाच्याच बाजूला आणि तेवढाच बाहेर. आणि त्याच्या कॅमेऱ्यात तारा गेला होता. जेमतेम एक सेकंद, आणि जरा आधी. म्हणजे खड्याबरोबर आणखी एक पिटुकला खडा फिरत होता, आणि त्याची सावली वेगळी पडली होती. जगात ती फक्त दोन जागांवरून दिसली. एक त्या माणसाचं अंगण, आणि दुसरी पाण्याच्या टाकीजवळचा माळ.

"आणि तिथे माणूस बसवायचं सुचलं कुणाला? तुम्हाला!" बाईंनी त्यांच्या पाठीवर थाप मारली. "काय दूरदृष्टी हो! मी तर पट्ट्याबाहेर कुत्रंसुद्धा बसवलं नसतं. फक्त एक कळलं नाही. 'नोंद धरू नये' असा शेरा कशाला मारलात?"

पासंगराव बायकोकडे बघायला लागले. बायको खिडकीबाहेर बघायला लागली. दूरदृष्टी! एक मिनिटभर त्यांना मोह झाला. नुसतं हसून मान हलवली असती तरी भागलं असतं. मग ते म्हणाले, "दूरदृष्टी नव्हे बाई. जावई खोटं बोलतो का ते बघायला बसवलं होतं. आणि बघितलं ते त्याने नाही. माझ्या लेकीने."

दंतवैद्यबाईंचा आवाज पहिल्यांदाच बसला. "अगं बाई," एवढंच त्या म्हणाल्या.

पासंगराव तसेच लेकीच्या घरी गेले. दार जावयाने उघडलं. त्यांना दम लागला होता, आणि आनंदही झाला होता, खरा आनंद. "पोरी, तू खरं सांगत होतीस! चंद्र आहे त्याला! तूच पाहिलास!"

लेक स्वयंपाकघरातून हात पुसत आली. "मला माहीत होतं, बाबा."

"अगं, पण आता सिद्ध झालं ना! एका माणसाच्या कॅमेऱ्यात आलाय!"

"हो. आता एका परक्या माणसाने सांगितलं म्हणून तुम्हाला पटलं," ती म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर पासंगरावांना सोपं गेलं असतं. "मी सांगितलं तेव्हा नाही पटलं."

पासंगराव दारातच उभे राहिले.  मग जावई म्हणाला, "बाबा, आत तरी या. आमच्याकडे लोकांना झोपवून बघतात, तुम्ही आम्हाला बसवून बघितलंत, एवढाच काय तो फरक." आणि तो हसला, आणि त्याने खुर्ची पुढे केली. पासंगराव बसले. त्या माणसाच्या हसण्यात काही पासंग आहे का, हे त्यांनी सवयीने शोधलं. काही सापडलं नाही. तेव्हा त्यांना लाज वाटली. अशी लाज त्यांना आयुष्यात वाटली नव्हती.

"शेरा काढून टाकायला लिहितो," ते म्हणाले. "तुझं नाव घालतो. मी चुकलो गं."

"घाला," लेक म्हणाली. तिने चहा ठेवला. जास्त काही बोलली नाही, आणि त्यांनीही तिला बोलतं करायचा प्रयत्न केला नाही.

पुढच्या हिवाळ्यात तोच खडा आणखी एका ताऱ्यासमोरून जाणार होता. आता दूरदूरचे लोक त्याच्यावर डोळा ठेवून होते. दंतवैद्यबाईंनी आखणीचं काम पासंगरावांकडून काढून लेकीला दिलं, आणि पासंगरावांनी हूं की चूं केलं नाही. लेकीने सगळ्यांना जागा वाटल्या. बापाला फोन करून म्हणाली, "बाबा, तुम्ही गिरणीच्या मागच्या मैदानावर बसा." पट्ट्यात की बाहेर, मध्यावर की काठावर, काही नाही. त्यांनीही विचारलं नाही. आधी विचारायची लाज वाटली, मग भीती वाटली. नकाशा मागवता आला असता. त्यांनी तो मागवला नाही, आणि आदल्या रात्री त्यांना झोप लागली नाही.

ठरल्या दिवशी अंधार पडला. पासंगरावांनी कानटोपी घातली, रेडिओ लावला, रेकॉर्डर सुरू केला. तारा बरोबर तोच आहे ना, हे पुन्हा पुन्हा ताडून बघितलं. चष्मा पुसला. डोळा लावून बसले. टिक, टिक, टिक. वेळ जवळ आली. वेळ आली. तारा तिथेच होता. वेळ गेली. तारा तिथेच होता, शांत, न हलता.

आणि मग त्यांच्या डोक्यात सुरू झालं. तिने मला मुद्दाम बाहेर बसवलं असेल? बसवलं असेल तर चांगलंच केलं, माझ्याच मापाने मला मोजलं. पण समजा तिने मध्यावर बसवलं असेल तर? मग डावीकडच्यांना गेला, उजवीकडच्यांना गेला, आणि मधल्या म्हाताऱ्याला मात्र नाही! म्हणतील, डुलकी लागली असेल. सगळे हसतील. 'गेला' म्हणून टाकावं का? अजून रेकॉर्डर चालू होता. कोण बघणार होतं? आयुष्यात पहिल्यांदा पासंगरावांना कळलं की खरं सांगणाऱ्यालासुद्धा घाम फुटतो. त्यांनी ओठ ओले केले आणि रेकॉर्डरजवळ तोंड नेऊन म्हणाले, "नाही गेला."

थोड्या वेळाने फोन वाजला. "बाबा, काय दिसलं?"

"काही नाही." त्यांनी मनात सगळं तयार ठेवलं होतं. चष्मा पुसला होता, तारा तोच होता, झोप लागली नव्हती, डोळा मिटला नव्हता. "तारा जागच्या जागी होता."

"बरं," लेक म्हणाली. "लिहून घेतलं. थंडी फार आहे, आता जास्त वेळ बसू नका तिथे."

पासंगराव थांबले. आता विचारेल, असं त्यांना वाटलं. फोनमध्ये तिच्याकडच्या रेडिओची टिकटिक ऐकू येत होती. शेवटी न राहवून त्यांनीच विचारलं, "अगं, विचारणार नाहीस?"

"काय?"

"नक्की का, म्हणून."

"कशाला, बाबा? तुम्ही सांगितलंत ना," ती म्हणाली, आणि पुढच्या माणसाला फोन लावायला तिने त्यांचा फोन ठेवला.

गिरणीमागचं मैदान पट्ट्यात होतं की पट्ट्याबाहेर, हे पासंगरावांनी अजून विचारलेलं नाही. त्या संध्याकाळी ते रेकॉर्डर बंद करायला विसरले. त्यावर पुढे बराच वेळ नुसती टिकटिक आहे, आणि मध्येच एक म्हातारा माणूस नाक ओढून रडतोय, तेवढं ऐकू येतं.